लेहऱ्याने पायामागे धावू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कथक करता आणि शिकवता. धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. दोघांनी मिळून दोन्ही मनगटांवर आणि दोन्ही घोट्यांवर एकेक ईएसपी-३२ (वाय-फाय असलेली छोटी संगणक-चिप) आणि एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) बांधला, वाय-फायवरून आकडे लॅपटॉपवर आणले आणि प्युअर डेटा या आवाज घडवायच्या प्रणालीत त्यातून आवाज काढले. हाताच्या उंचीवर सूर, पायाच्या आघातावर तबल्याचा बोल आणि अंगाच्या एकूण वेगावर लेहऱ्याची, म्हणजे साथीला सतत फिरणाऱ्या धुनेची, लय, अशी जोडणी केली. आता तक्रारी तीन आहेत. आवाज पावलाच्या मागून, उशिरा येतो. चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार पावलं पडतात तेव्हा, मधलाच एखादा आघात गायब होतो, तर कधी एकाचे दोन होतात. आणि तालीम बघायला आलेल्या मैत्रिणींना वाटलं की मागे ट्रॅक लावलाय. म्हणून तुम्ही विचारताय की महागडे सेन्सर घ्यावेत, की एआय वापरावं.

आत्ता महागडं काहीच विकत घेऊ नका. पहिल्या दोन तक्रारी यंत्राच्या आहेत आणि हातात असलेल्या सामानावर त्या बऱ्याच सुटतील. तिसरी मात्र रचनेची आहे. शरीराचं नक्की काय ऐकायचं आणि संगीतातलं काय त्याच्या हाती द्यायचं, हे ठरायच्या आधीच तारा जोडल्या गेल्यात. मी आधी बरीच वर्षं तबला शिकले, मग इन्स्ट्रुमेंटेशन, आणि गेली पंधरा वर्षं नर्तकांबरोबर अशाच यंत्रणा बांधतेय. त्यावरून सांगते, तिसऱ्या तक्रारीचं उत्तर सापडलं की पहिल्या दोन निम्म्या होतात. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: जमीन लाकडी की फरशी, सभागृह केवढं, आणि बरोबर प्रत्यक्ष तबलजी आहे का. तबलजीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून तो नाही असं धरते.

सुरुवात लेहऱ्यापासून करते, कारण सगळ्यात मोठी चूक मला तिथे दिसते. अंगाचा वेग वाढला की लेहरा वाढवायचा, कमी झाला की उतरवायचा, ही कल्पना मोहात पाडणारी आहे. पहिल्या दिवशी तालमीत फार मजा येते. पण कथकमध्ये लेहरा कशासाठी असतो? सोळा मात्रांचा तो नगमा हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तासभर तसाच फिरत राहतो, म्हणून तर तुम्ही आडीत, म्हणजे तिरप्या लयीत, जाऊ शकता, लय मोडल्यासारखं भासवू शकता आणि तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन नेमकं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊ शकता. ऐकणाऱ्याच्या छातीत जो ठोका पडतो तो त्या येण्याचा असतो. लेहराच तुमच्यामागे धावू लागला तर तुम्ही जिथे थांबाल तिथे सम. मग येणं उरत नाही. तुमच्या मैत्रिणींना ट्रॅक वाटला याचं एक कारण हेच असणार: आवाज आणि अंग कायम एकमेकांना चिकटलेले असतील तर त्यांच्यातलं नातं दिसत नाही. नातं दिसायला एकाने स्थिर राहावं लागतं.

म्हणून यंत्रणेतली एक गोष्ट हट्टी ठेवा. लेहरा घड्याळावर चालू द्या. लय चढवायची असेल तेव्हा ती भावाने हाताने चढवावी, तुम्ही डोळ्याने खूण केल्यावर, जशी तुम्ही तबलजीला करता.

आता पाय. तुम्ही तत्काराच्या, म्हणजे पायांच्या कामाच्या, प्रत्येक आघातावर लॅपटॉपमधून तबल्याचा बोल वाजवताय. पण पाय जमिनीवर पडला की तिथे आवाज होतोच. पंजा वाजतो, शंभर-दीडशे घुंगरू वाजतात आणि तो आवाज त्याच क्षणी येतो. त्यामागून तीस-चाळीस मिलिसेकंदांनी लॅपटॉपचा बोल आला की कानाला दोन पावलं ऐकू येतात. एखाद्या कच्च्या साथीदाराने तुमच्या मागे मागे वाजवावं तसं. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट या संशोधकांनी २००२ मध्ये संगणकावरच्या वाद्यांसाठी मर्यादा सुचवली होती: हावभावापासून आवाजापर्यंत जास्तीत जास्त १० मिलिसेकंद, आणि त्यातली कमी-जास्त १ मिलिसेकंदाच्या आत. वाय-फायवरचा घोट्याचा सेन्सर ही दुसरी अट कधीच पाळणार नाही. उशीर एकसारखा असेल तर नर्तक आपोआप जुळवून घेतो. एकदा १५, एकदा ४५ असं झालं तर अंग गोंधळतं आणि तुम्ही नकळत पाय दाबून टाकायला लागता.

यावर मी वापरते तो उपाय सांगते. पायाच्या आवाजावर दुसरा आवाज ठेवायचाच नाही. पायाचा मूळ आवाजच घ्यायचा आणि त्याला शरीर द्यायचं. जाड प्लायवूडची ४ फूट बाय ४ फूट फळी घ्या, खाली पातळ रबर लावा, आणि फळीच्या तळाला दोन पिझो चकत्या (कंपनाची वीज करणाऱ्या) चिकटवा. त्यांची तार ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या) गिटारसाठी असलेल्या इनपुटमध्ये घाला. त्या इनपुटचा रोध साधारण १ मेगाओम असतो. साध्या माइकच्या इनपुटला जोडलंत तर खालचा सगळा भरदार भाग जातो आणि पत्र्यासारखा आवाज उरतो. प्युअर डेटामध्ये या आवाजाला षड्जाला जुळवलेल्या दोन-तीन अनुनादी (एका सुराला घुमणाऱ्या) फिल्टरमधून काढा, म्हणजे प्रत्येक पावलामागे डग्ग्यासारखी घुमक उठेल. घुमक दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा सुरू झाली तरी कानाला खुपत नाही, कारण घुमक आघाताच्या मागूनच येत असते. आघाताची धार तुमच्या पायाची, मागचा श्वास यंत्राचा. शिवाय हळू पाऊल, जोरकस पाऊल, एडी (टाच), पंजा हे सगळे फरक आपोआप आवाजात उतरतात, त्यासाठी एकही ओळ लिहावी लागत नाही. ही फळी मला आजवर भेटलेला सगळ्यात चांगला सेन्सर आहे.

तरीही घोट्यावरचे सेन्सर ठेवायचे असतील, कारण उजवा-डावा पाय वेगळा ओळखायचाय किंवा फळीबाहेरही नाचायचंय, तर तुमचे आघात का हरवतात ते बघू. बराबरीतला, म्हणजे मात्रेला एक पाऊल असा, तत्कार आठवा. ता उजवा, थेई डावा, थेई उजवा, तत डावा. पुढचा आ मात्र पुन्हा डावाच, मग उजवा, डावा, उजवा, आणि फिरून ता पुन्हा उजवा. म्हणजे आठांत दोन ठिकाणी तोच पाय लागोपाठ पडतो. १२० मात्रांच्या लयीत चौगुन घेतली की दोन आघातांत १२५ मिलिसेकंद असतात. एकाचे दोन होऊ नयेत म्हणून भावाने एका आघातानंतर त्या पायाला काही काळ बहिरं केलं असणार. तो काळ त्याने २०० ठेवला असेल तर बाकीचे आघात येतील, कारण एरवी एकेका पायाला २५० मिलिसेकंद मिळतात, आणि नेमके आ आणि ता गळतील. तुमच्याकडे गायब होणारा आघात तोच आहे का ते तपासा. मी हा काळ ७० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवते.

मग एकाचे दोन का होतात? तीन ठिकाणी बघा. पहिलं, जागा. सेन्सर घुंगरांच्या खाली किंवा मध्ये बांधला असेल तर पाय पडून गेल्यावरही घुंगरू त्याला हलवत राहतात. तो घुंगरांच्या वर, नडगीच्या आतल्या बाजूला, सुती पट्टीवरून घट्ट बांधा. दुसरं, उंबरठा, म्हणजे आघात धरायचा ठरलेला आकडा, एकच ठेवू नका, दोन ठेवा: वरचा ओलांडला की आघात मोजायचा, आणि आकडा खालच्या उंबरठ्याच्याही खाली गेल्याशिवाय पुढचा मोजायचा नाही. तिसरं फार जणांच्या नजरेतून सुटतं. एमपीयू-६०५० सुरू होतो तेव्हा त्याची मर्यादा २ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) असते, आणि साधं ठाशीव पाऊलही त्याच्या कितीतरी पुढे जातं. मग हलका आणि जोरकस आघात दोन्ही छताला टेकतात आणि सारखेच दिसतात. मर्यादा १६ जी करा. त्याच चिपमधला गाळणीचा, म्हणजे बारीक थरथर पुसणाऱ्या फिल्टरचा, पर्याय सगळ्यात मऊ ठेवला असेल, म्हणजे ५ हर्ट्झवर, तर एकट्या त्यानेच १९ मिलिसेकंदांचा उशीर होतो. ती गाळणी पूर्ण उघडा.

आघात ओळखायचं काम घोट्यावरच करा. सगळे आकडे लॅपटॉपला पाठवून तिथे शोधत बसण्यापेक्षा ईएसपी-३२नेच ठरवावं आणि "डावा, इतक्या जोराचा" एवढाच निरोप पाठवावा. हा चिप वीज वाचवायला वाय-फायचा रेडिओ अधूनमधून झोपवतो. ती झोप एका ओळीत बंद करता येते, आणि त्या एका ओळीने मी दहापट फरक पडलेला बघितलाय. घरच्या राउटरवर चालवू नका, वेगळा राउटर ठेवा, त्याला इंटरनेट नको. ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि प्रेक्षकांचे फोन, ब्लूटूथ, सगळे तिथेच गर्दी करतात. एका प्रयोगात दुपारची तालीम स्वच्छ झाली होती. संध्याकाळी सभागृह भरलं आणि दोन्ही पाय दर काही सेकंदांनी मुके होऊ लागले. नर्तिका बिचारी तेच पाऊल पुन्हा पुन्हा टाकत होती, आपलंच चुकतंय असं समजून. ते मला अजून विसरता आलेलं नाही. त्यानंतर महत्त्वाचा एकही आवाज मी रेडिओच्या भरवशावर ठेवलेला नाही.

तालमीला ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर तो मात्र आजच बाजूला करा. नुसता तोच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. स्पीकर तारेचा हवा आणि तुमच्या जवळ हवा: ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर दूरच्या स्पीकरचा आवाज पोचायलाच २९ मिलिसेकंद लागतात. ऑडिओचा बफर (लॅपटॉप आवाज एकावेळी जेवढ्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात हाताळतो तो) ५१२ असेल तर तिथे साडेअकरा मिलिसेकंद गेले, १२८ केला तर तीन. हे छोटे छोटे उशीर मिळून तुमचं "मागून येतो" तयार झालंय.

हातांकडे येते. हाताच्या उंचीवर सूर ही कल्पना थेरेमिनची, हात न लावता वाजणाऱ्या वाद्याची. लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमाराला ते वाद्य केलं, एक हात सुराला, एक हात आवाजाच्या लहान-मोठेपणाला. क्लारा रॉकमोर यांनी त्यावर असामान्य वादन केलं, पण त्यासाठी त्या स्थिर उभ्या राहायच्या, कारण अंग थोडं हललं तरी सूर हलतो. नर्तकाकडून नेमकं तेच मागता येत नाही. तुमच्या हातांना त्यांची स्वतःची भाषा आहे. हस्तक (हातांच्या ठरलेल्या हालचाली) करताना मनात "आता गंधार लागायला हवा" आलं की हस्तकही बिघडतो आणि गंधारही. भाऊ म्हणेल की सूर जवळच्या स्वराला चिकटवून टाकू. तसं केलं की जिन्याच्या पायऱ्यांसारखा आवाज होतो आणि तुमच्या हाताची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, मरते.

हातांकडून जागा विचारू नका, जोर आणि पोत विचारा. मनगटाचा जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) किती झपकन फिरला, किती अलगद थांबला, एवढं बघा. तो आकडा झटकन चढू द्या आणि सावकाश, दीड-दोन सेकंदांत, उतरू द्या. तो तानपुऱ्याच्या आवाजाला द्या: हात खुलले की वरचे स्वरांश उघडतात, हात शांत झाले की तानपुरा मिटत जातो. थाटात, म्हणजे सुरुवातीच्या उभ्या ठेवणीत, तुम्ही फक्त मनगट आणि भुवई हलवता, तेव्हा त्या छोट्याशा हालचालीने अख्ख्या खोलीचा आवाज किंचित उजळतो. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काम थांबवून नुसती बघत बसले होते. इथे वाय-फायचा उशीर अजिबात जाणवत नाही, कारण सगळा व्यवहारच सावकाश आहे. चारही अवयव मात्र एकाच वेळी बांधू नका. गतनिकासात, म्हणजे चालीच्या भागात, फक्त हात बोलू देत, तत्कारात फक्त फळी.

सम वेळेवर कशी वाजवायची, हा यातला सगळ्यात सुंदर भाग आहे. पाय पडल्याचं कळल्यावर वाजवायला निघालं तर यंत्र कायम उशिराच पोचणार, सेन्सर कितीही भारी असो. तबलजी काय करतो? तो पाय पडायची वाट बघत नाही. तिहाईचा पहिला पल्ला (तिसरा हिस्सा) ऐकला की शेवट कुठे आहे ते त्याला कळतं, तुमचा श्वास आणि खांदा त्याला दिसतो, आणि त्याचा हात आधीच निघालेला असतो. आपल्याकडे लेहरा घड्याळावर आहे, म्हणजे सम कधी येणार हे यंत्राला मिलिसेकंदापर्यंत माहीत आहे. तेव्हा समेच्या आवाजाची वेळ घड्याळाकडून घ्या आणि त्याचं वजन अंगाकडून. समेआधीच्या दोन मात्रांत पायांत आणि हातांत किती जोर साठला ते मोजत राहा. भरपूर साठला असेल तर नेमक्या समेवर खर्जाचा मोठा, खोल ठोका. काहीच साठलं नसेल तर शांतता, लेहरा आपला पुढे जातो. आवाज तुमच्या पायाबरोबर येतो, किंचितही मागून नाही, आणि तरी तो तुम्हीच आणलेला असतो. मुद्दाम समेच्या अलीकडे किंवा पलीकडे, अनागत-अतीत, येणार असाल तर हे गणित फसेल. अशा जागा आधी ठरवा आणि तेवढ्यापुरता भावाने समेचा ठोका हाताने बंद ठेवावा.

भावाला पुन्हा पुन्हा मध्ये आणतेय, त्याला कारण आहे. १९६५ मध्ये संगीतकार जॉन केज आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी "व्हेरिएशन्स फाइव्ह" केलं तेव्हा मंचावर अँटेना आणि प्रकाशाचे सेन्सर होते, नर्तक त्यांच्याजवळून गेले की टेप आणि रेडिओचे आवाज सुटत. पण त्या आवाजांचं काय करायचं, किती ऐकवायचं, हे मिक्सरपाशी बसलेले संगीतकार ठरवत होते. त्यांतले एक डेव्हिड ट्यूडर. त्याच ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभारून दिला, म्हणजे हा धागा आपल्या शेजारापर्यंत आलेला आहे. सांगायचंय ते असं, की इतक्या सुरुवातीच्या कामातही शरीर आणि आवाज यांच्यामध्ये ऐकणारा माणूस बसलेला होता. भावाने लॅपटॉपचा पडदा न्याहाळत बसू नये. चार फेडरचा (सरकत्या बटणांचा) छोटा कंट्रोलर घ्यावा, तुमच्याकडे तोंड करून बसावं आणि साथ करावी. फळीचं सामान आणि राउटर सोडले तर हा एवढाच खर्च मी सुचवेन. प्रत्यक्ष तबलजी असतील तर फळीची घुमक अगदी कमी करा, समेचा ठोका काढून टाका, आणि यंत्राकडे फक्त तानपुऱ्याचा पोत ठेवा. माणूस करतोय ते यंत्राकडून पुन्हा करवून घेऊ नये.

प्रेक्षकांना कळण्याबद्दल. सुरुवातीची दोन मिनिटं लेहऱ्याशिवाय ठेवा. काळोखात एक पाऊल, एक घुमक. मग स्तब्धता, पूर्ण शांतता. मग एक हात. माणसाला कारण आणि परिणाम एकदा स्वच्छ दिसला की पुढे तो विश्वास ठेवतो, मग गुंतागुंत कितीही वाढू द्या. शांतता खरोखर शांत हवी. सेन्सरच्या बारीक थरथरीने मागे सतत काहीतरी गुणगुणत असेल तर तुमच्या ठहरावाला अर्थ राहत नाही. आणि एक परीक्षा घ्या: कालच्या तालमीतले सेन्सरचे आकडे साठवून ठेवा, आज सेन्सर बंद करून ते कालचे आकडे वाजवा आणि त्यावर नाचा. मैत्रिणींना सांगू नका. फरक त्यांना ओळखू आला नाही तर जोडणी अजून कच्ची आहे.

एआयचं उत्तर आता छोटं होईल. आघात ओळखायला त्याची गरज नाही, उंबरठा पुरतो. हालचालीचा पोत ओळखायला, म्हणजे हे अंग लास्याकडे झुकतंय की तांडवाकडे असं काही, त्याला थोडा उपयोग आहे. रिबेका फीब्रिंक या संशोधिकेने २००९ मध्ये वेकिनेटर नावाचं मोफत साधन केलं, त्यात तुम्ही करून दाखवता आणि ते शिकतं. पण फळी आणि तानपुरा नीट बोलू लागल्याशिवाय तिकडे वळू नका. कॅमेऱ्याचं विचाराल तर सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात, आणि चक्करमध्ये हात अंगामागे लपतो.

बॅटरीबद्दल थोडं कडक बोलते. लिथियमची उघडी बॅटरी घोट्यावर बांधून ठाशीव पाऊल टाकणं धोक्याचं आहे. दणके आणि घाम दोन्ही तिला मारक आहेत, आणि ती पेटली तर ती तुमच्या कातडीला लागून असते. बॅटरी कमरपट्ट्यात, कडक डबीत ठेवा. तार आतल्या चुडीदारातून खाली न्या आणि गुडघ्यापाशी सैल वळण ठेवा.

या आठवड्यात एकच काम करा. फळीजवळ एक माइक ठेवा, तो डाव्या चॅनेलवर घ्या. लॅपटॉपचा आवाज थेट तारेने उजव्या चॅनेलवर घ्या. लेहरा बंद ठेवून पन्नास सुटी पावलं टाका, मग दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवून प्रत्येक पावलाचा फरक मोजा. सरासरी मला नको. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा फरक कळवा, त्यावरून घोट्यावरचे सेन्सर ठेवायचे की फक्त फळीवर काम करायचं ते सांगता येईल.